शेंदराखालची गारगोटी

माझ्या सासूबाईंनी अमेरिकेत आल्यावर पहिलं काम केलं ते देव बसवण्याचं. इतरांच्या सासवा येतात, डिशवॉशरला नावं ठेवतात, कॉस्टकोतून बदामांच्या पिशव्या भरतात आणि सहा महिन्यांनी परत जातात. आमच्या सरलाबाई कॅरी गावाच्या पश्चिमेला असलेल्या आमच्या वसाहतीत आठवडाभर पायी हिंडल्या आणि घरी येऊन त्यांनी कपाळाला हात लावला.

"एवढी घरं, एवढी लेकरंबाळं, आणि वेशीवर देव नाही? मग राखण कोण करतं गं नीलू?"

"एचओए करते, आई," मी म्हटलं. कुणाचं गवत किती वाढलंय यावर डोळा ठेवणारी आमची सोसायटी त्यांना एव्हाना ठाऊक झाली होती. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचा विनोद मी गिळून टाकला.

तेव्हा मला विनोद सुचत होते, कारण आन्या अजून पोटात होती. थोड्याच दिवसांत ती बाहेर आली, फार म्हणजे फारच लवकर. काचेच्या पेटीत, नाकात नळ्या, अंगावर कातडी म्हणावी अशी कातडीसुद्धा नव्हती. डॉक्टर चांगले होते, खरं तेच सांगायचे, आणि खरं ऐकवत नव्हतं. मी औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायचं काम करते. 'शक्यता' म्हणजे काय हे मला नेमकं कळतं, म्हणून मला धीर देणं कुणालाच जमत नव्हतं.

एका संध्याकाळी हॉस्पिटलमधून कपडे बदलायला घरी आले, तर आमच्या बाथटबमध्ये एक दगड. गारगोटीचा, पांढराशुभ्र, नारळाहून मोठा आणि कलिंगडाहून लहान. सासूबाई त्याला दह्यादुधानं न्हाऊ घालत होत्या. ओढ्याकाठच्या रानात दिसला म्हणाल्या, कडेवर घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो चालायच्या वाटेच्या वळणावर, मोठ्या ओकच्या बुंध्याशी बसवला, तेलात कालवून शेंदूर फासला, आणि गावदेवीला नवस बोलल्या. माझी नात घरी आण, मी जिवंत आहे तोवर तुझा दिवा चुकवणार नाही.

आन्या घरी आली. आता ती शाळेच्या बँडमध्ये तिच्याहून उंच ट्रॉम्बोन वाजवते आणि मला डोळे फिरवून "मॉम, प्लीज" म्हणते. हे डॉक्टरांनी केलं, हे मी शपथेवर सांगेन. पण तिला घरी आणलं त्या दिवशी चपला काढून मी त्या ओकपाशी गेले होते आणि मातीत डोकं टेकवलं होतं, तेही खरंच आहे.

पुढे ती देवी सगळ्या वसाहतीची झाली. व्हिसाच्या स्टॅम्पिंगला निघाले की नारळ, ड्रायव्हिंगच्या टेस्टला नारळ, पोराच्या कॉलेजच्या ॲडमिशनला नारळ. नागपूरची रेणू, आमची शेजारीण, देवीला "व्हिसामाउली" म्हणायची आणि सासूबाई भारतात गेल्या की न चुकता दिवा लावायची. नवरात्रात बायका खण-नारळानं ओटी भरायच्या. नारळाच्या कवट्यांमुळे रकूनसारखी रानटी जनावरं येतात अशी एचओएची मेल आली, तेव्हा आम्ही कवट्या घरी न्यायला लागलो, नारळ फोडायचं थांबवलं नाही. केदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नागरिकत्व मिळालं आणि सासूबाई कायमच्या इथेच राहायला आल्या. शेंदरावर शेंदूर चढत गेला. खालचा दगड पांढरा आहे हे आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊकच नव्हतं.

यंदा मार्चमध्ये लायब्ररीत कौंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाची, सभा झाली. आमच्या वसाहतीबाहेरचा रस्ता रुंद करायचा होता. करा, करा म्हणून आम्हीच ओरडत होतो, सकाळी शाळेच्या वेळी गाडी हलत नाही म्हणून. मी आणि रेणू टाळ्या वाजवायच्या तयारीनंच गेलो होतो.

नकाशे दाखवून झाले आणि पुढच्या रांगेतून एक काळ्या वर्णाच्या आजीबाई काठी टेकत उठल्या. निळी हॅट, इस्त्रीचा कोट, ऐंशीच्या आसपास वय. सगळे त्यांना मिस अर्नेस्टीन म्हणत होते. त्यांचं घराणं या भागात रस्ता व्हायच्या, वसाहत व्हायच्या, कौंटीनं ओढ्याला नाव द्यायच्याही आधीपासूनचं. ओढ्याकाठच्या रानात त्यांच्या चर्चच्या लोकांची जुनी दफनभूमी आहे, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी तिथून रोज सकाळी कानात गाणी घालून चालत होते.

"आमच्या लोकांकडे संगमरवराला पैसे नव्हते," त्या म्हणाल्या. "शेतात मिळेल तो दगड डोक्याशी लावायचे, त्याहून लहान पायाशी. तुम्ही रस्ता त्या कबरींना वळसा घालून काढला आहे, त्याबद्दल आभारी आहे. पण माझी पणजी त्यात नाही. तिचं नाव व्हायनी. ती गुलामगिरीत जन्मली आणि मोकळी होऊन मेली. ती सगळ्यांत पूर्वेला आहे, सीडरच्या झाडांच्या पलीकडे. तिच्या डोक्याशी तिच्या मुलानं ओढ्यातून निवडून आणलेला पांढरा दगड होता. माझी आई मला तिथे घेऊन जायची. ऊन आलं की तो दगड आधी दिसायचा, मग बाकीचे."

कौंटीची पुरातत्त्वज्ञ क्लेअर, वयानं माझ्याहून बरीच लहान, हळू आवाजात बोलायला उठली. पूर्वेच्या त्या टोकाला मुळांचं एवढं जाळं आहे की जमिनीखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर काहीच नीट उमटत नाही. तो पांढरा दगड आपण सगळ्यांनी शोधून पाहिला. तो मिळाला असता तर दफनभूमीची हद्द पुढे सरकवता आली असती. खूण नसेल तर रस्ता आखल्याप्रमाणे होईल.

"म्हणजे व्हायनीवरून," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या आणि खाली बसल्या.

रेणूनं माझ्या हाताला हात लावला. "नीलू, तुझे हात एवढे थंड का पडलेत?" माझ्या डोळ्यांसमोर आमचा बाथटब होता.

घरी येऊन आधी केदारला सांगितलं. तो बराच वेळ फ्रिजला टेकून उभा राहिला. "लिसन, यार, आधी वकिलाला विचारू. कबरीवरचा दगड हलवणं क्राइम असू शकतो. आईचं वय बघ. आणि शुअर कुठे आहोत आपण? पांढरे दगड काय एकच असतात?"

"केदार, तू पाहिला होतास तो दगड."

"पाहिला होता," तो म्हणाला.

खरं सांगायचं तर गप्प बसायचा मोह मलाही झाला होता, आणि तो वकिलामुळे नव्हता. त्या दगडाकडे आम्ही आन्या मागितली होती. तो उचलून परत दिला तर? आकडे तपासणारी मी, पगार घेते त्याचाच, आणि त्या रात्री आन्याच्या खोलीचं दार उघडून तिचा श्वास ऐकत उभी राहिले. स्वतःचा राग आला. पण तरी उभी राहिले.

सकाळी सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"म्हणजे मी मढ्यावरचा दगड आणला?"

"तुम्हांला काय माहीत होतं, आई."

"सुवासिनींनी ओट्या भरल्या गं त्याच्या. प्रसाद म्हणून मी पोरांच्या हातावर खोबरं ठेवलं तिथलं." मेथीची जुडी त्यांनी तशीच बाजूला सारली, उठल्या आणि डोक्यावरून आंघोळ करून आल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी दिव्याची वेळ झाली तसं तेलाची वाटी घेऊन दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. एवढ्या वर्षांत दिवा पहिल्यांदा चुकला. त्यांना असं दाराशी वाटी घेऊन उभं पाहिलं आणि मला भडभडून आलं. मी त्यांची थट्टा करत आले आहे, अजूनही करते, पण त्या वाटीची थट्टा मी कधी केली नाही.

रात्रीच्या जेवणाला त्या आपण होऊन येऊन बसल्या. केदारनं वकिलाचा विषय काढला, तो त्यांनी हातानंच थांबवला.

"माझ्या आईला गंगेवर सोडलं, सासूला गोदेत सोडलं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे माणूस गेलं की जागा उरत नाही, म्हणून आपल्याला जागेचं काही वाटत नाही. पण त्यांची रीत जागेची आहे. ती बाई म्हातारी झाली, काठी टेकत आपल्या पणजीची जागा शोधतेय, आणि ती जागा मला ठाऊक आहे. गप्प बसून कुठल्या तोंडानं देवाचं नाव घेऊ? बोलव तिला. पण आधी देवीची उत्तरपूजा होईल. बोलावून आणलेल्याला असं अर्ध्यावरून उठवायचं नसतं."

आणि मग, अगदी हळू, माझ्याकडे न बघता, "आन्याला काही होणार नाही ना गं?"

मला "नाही" म्हणायला फार वेळ लागला.

क्लेअरला फोन केला. शनिवारी सकाळी ती मिस अर्नेस्टीनना घेऊन आली. रानात निळी फुलं आली होती, आपल्या सदाफुलीसारखी पण जमिनीवर पसरणाऱ्या वेलीची. सासूबाई पूजेला तीच फुलं तोडायच्या. क्लेअर म्हणाली, ही वेल इथली नाही, जुन्या काळी लोकांनी ती मुद्दाम कबरींवर लावली, बारा महिने हिरवी राहते म्हणून. मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं नाही. एवढं सगळं एकदम सांगायचं नसतं.

ओकच्या बुंध्याशी आलो. मिस अर्नेस्टीननी तो शेंदराचा गोळा पाहिला, त्याला नेसवलेला खण, पुढ्यातल्या हिरव्या बांगड्या. त्यांचा चेहरा बदलला.

"हिला रंग कुणी फासला?"

मी सांगितलं. जसं झालं तसं, कुठे मऊ न करता.

"लहानपणी या दगडाला हात लावायचा तरी मी आईला विचारायची," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आमच्या माणसांना जिवंतपणी कुणी काही विचारलं नाही. मेल्यावर तरी विचारायचं होतं."

हे मी मराठीत आणलं. सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी कारण दिलं नाही, माहीत नव्हतं असंही म्हटलं नाही. हात जोडले. "खरं आहे त्यांचं. चुकलं माझं. सांग त्यांना, आज विचारते. देवीला निरोप देऊ का?"

"कुणाला निरोप?" मिस अर्नेस्टीननी मला विचारलं.

मी जमेल तसं समजावलं. आमच्यात देवाला दगडात, मातीत बोलावतात, आणि तसंच मानानं परतही पाठवतात. पाठवल्यावर तिथे देव राहत नाही, नुसता दगड राहतो.

"आणि मग जी उरेल, ती माझी?"

"हो."

त्यांनी क्लेअरनं उघडलेल्या खुर्चीवर बसून घेतलं. "मग करू दे तिला."

सासूबाईंनी खण काढून घडी घातली, बांगड्या बाजूला ठेवल्या. हळद-कुंकू, निळी फुलं, वाटेच्या शिदोरीला दहीपोहे. मग मूठभर अक्षता घेतल्या. गणपतीला निरोप देताना म्हणतात तेच शब्द. त्यांच्याबरोबर मीही मनात म्हणत होते, आणि शेवट आला. पुनरागमनाय च. पुन्हा यावं म्हणून. तिथे सासूबाई थांबल्या. ते दोन शब्द त्यांनी म्हटलेच नाहीत. या दगडात पुन्हा बोलवायचा हक्क आपला नाही, हे त्यांना कळत होतं आणि मलाही कळत होतं. तरी ते शब्द माझ्या ओठांपर्यंत आले, आन्यासाठी. मी ओठ घट्ट मिटून घेतले. अक्षता पडल्या. सासूबाईंनी दोन्ही हातांनी दगड जरासा हलवला, आणि देवी गेली.

मग नुसतं काम उरलं. शेंदूर पाण्यानं निघत नाही. तिळाचं तेल चोळून, घरून आणलेल्या लाकडी उलथन्यानं सासूबाई थर खरवडायला लागल्या. शेंदरात शिसं असतं म्हणून मी हातमोजे आणले होते, ते तसेच पिशवीत राहिले. पापुद्रे पडत होते, एकेक नवरात्र, एकेक दिवाळी. एका जागी नखाएवढं पांढरं दिसलं. मिस अर्नेस्टीन खुर्चीवरून उठल्या. त्यांना खाली बसायला मी हात दिला. कोटाच्या खिशातून रुमाल काढून त्या दुसऱ्या बाजूनं पुसायला लागल्या. दोन म्हाताऱ्या, मध्ये दगड.

खाचांमधला शेंदूर गेला नाही तो नाहीच. बाकी दगड पांढरा झाला.

"जागा कुठली?" क्लेअरनं विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती, कारण सीडरच्या पलीकडे सगळं सारखंच दिसत होतं, वेल आणि पानांचा खच. नुसत्या आठवणीवर कौंटी रस्ता वळवणार नव्हती, हे ती मला फोनवर बोलली होती.

सासूबाई पुढे गेल्या. सीडर ओलांडले, इकडे तिकडे पाहिलं, जरा मागे आल्या, पायानं पानं बाजूला केली. वेलीखाली एक लहानसा दगड अर्धा जमिनीत होता. "हा जोडीचा. हा मी नव्हता घेतला. पांढरा याच्या समोर होता, तिकडे." आणि त्यांनी बोट दाखवलं. "तिथे उकर म्हणावं तिला. हळूच. भुईतून काही उचललं तर भुईला काही द्यावं लागतं. मी सुपारी ठेवली होती आणि रुपया."

क्लेअर गुडघ्यांवर बसली. अगदी लहान थापीनं तिनं माती बाजूला करायला सुरुवात केली. सुपारी केव्हाच मातीत गेली असणार. पण रुपया होता. काळवंडलेला, एका कडेला हळदीचा की गंजाचा पिवळा डाग. क्लेअरनं आधी जिथे मिळाला तिथेच त्याचे फोटो काढले, मग तो तळहातावर घेतला, उलटा करून पाहिला. फोटो काढता काढता तिनं बाहीनं डोळे पुसले. आता नुसती आठवण नव्हती, पुरावा होता; दफनभूमीची हद्द सरकणार होती.

दगड बसवायला तिघीचौघींचे हात लागले. खड्ड्यात तो असा बसला, जणू मधे कधी उठलाच नव्हता.

सासूबाई मागे सरकून उभ्या राहिल्या. "विचार त्यांना, नमस्कार करू का?"

मिस अर्नेस्टीननी होकाराची मान हलवली.

सासूबाई खाली बसल्या, मातीत डोकं टेकवलं, आणि त्या दगडाशी सरळ बोलायला लागल्या, शेजारच्या बाईशी बोलावं तसं. "बाई, मी हाक दुसरीला मारत होते. ओ तू देत होतीस. मला ठाऊक नव्हतं."

"काय म्हणतेय ती?" मिस अर्नेस्टीननी विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी दगडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काय मागितलं होतं तिनं?"

"नात."

"मिळाली?"

मी फोन काढला. ट्रॉम्बोनमागून दिसणारा आन्याचा चेहरा, दातांना तारा, हसू दाबलेलं. मिस अर्नेस्टीननी चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ नेला. किती तरी वेळ पाहत होत्या.

"नाव काय हिचं?"

"आन्या."

त्यांनी फोन मला दिला, काठी क्लेअरच्या हातात दिली, आणि वाकून तळहात दगडावर ठेवला, जिथे खाचेत शेंदूर उरला होता तिथेच.

"व्हायनी," त्या म्हणाल्या, "ही आन्या. आपलीच समज. ध्यान ठेव."

हे मराठीत सांगायला मी सासूबाईंकडे वळले आणि मला काही बोलताच येईना. पण त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. नातीचं नाव त्यांनी ऐकलं होतं.